विंगेतली सुनेत्रा

सुनेत्रा रेडकर अबुधाबीत आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि बस्तान बसतं न बसतं तोच तिनं नाटकाचा घाट घातला. बँकेतली नोकरी सांभाळून मंडळ उभं केलं. नाटक बसवायचं तिनं, हॉल मिळवायचा तिनं, शारजा-अजमानचे नट गोळा करायचे तिनं, आणि नायिकाही तीच. प्रकाश सावे पहिल्यांदा तालमीला आला तेव्हा त्याला हात कुठे ठेवायचे तेही कळत नव्हतं. तेही तिनंच शिकवलं. आवाज मात्र देवानं दिलेला होता, आणि पाठांतराच्या नावानं शिमगा!

स्वतःचा प्रवेश नसला की सुनेत्रा विंगेत उभी राहून त्याला वाक्यं पुरवायची. ती कुजबुजेल ते हा गडी बिनदिक्कत बोलून मोकळा. एकदा तिनं शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हटलं, "ओवी, पाणी दे." प्रकाशनं भर दरबारात तलवार उपसून तेच ठणकावलं. लोक पोट धरून हसले, आणि हा महिनाभर सुनेत्रावरच डाफरत होता.

यंदाही सगळा उन्हाळा तालमी तिच्याच घरी झाल्या. प्रयोगाच्या आठवड्यात ग्रुपवर पोस्टर आलं. दिग्दर्शक आणि नायक, प्रकाश सावे. नायिका, मंडळात नवीच आलेली वैभवी. सुनेत्राचं नाव कुठेच नाही. तिनं फोन लावला.

"अगं, स्पॉन्सरला फ्रेश फेस पाहिजे," प्रकाश म्हणाला. "तू विंगेत राहा ना, प्लीज. तेरे बिना मेरा क्या होगा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हणाली गोड आवाजात, "राहीन की. इन्शाल्ला, विंगेतच असेन."

"आई, जस्ट लेट इट गो," ओवी म्हणाली. सोडतेय कसली!

हॉल खच्चून भरला. पहिले दोन अंक सुनेत्रानं इमानेइतबारे वाक्यं पुरवली. तिसऱ्यात नायक घरच्यांपुढे गुन्हा कबूल करतो. प्रकाश पुढे आला, "मी तुमचा अपराधी आहे," म्हणाला आणि अडकला. सवयीनं त्यानं कान विंगेकडे लावला.

सुनेत्रानं हातातली संहिता मिटली.

"हे नाटक मी बसवलं नाही," ती कुजबुजली.

"हे नाटक मी बसवलं नाही!" प्रकाश गरजला.

"सुनेत्रानं बसवलं. मी तिचं नाव खाल्लं."

हेही तो बोलला, तेही डोळ्यांत पाणी आणून. मग स्वतःचे शब्द स्वतःच्या कानात शिरले आणि चेहरा पांढराफटक पडला. मागून कुणीतरी हसलं, मग शिट्ट्या सुरू झाल्या. त्यानं गयावया करत विंगेकडे पाहिलं. हीच नजर तिला बघायची होती. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

तिनं पडदा ओढणाऱ्या मिथुनला सांगितलं, "खलास. पडदा पाड."

"खलास," प्रकाश म्हणाला, "पडदा पाड."

दिग्दर्शकाचाच हुकूम तो. मिथुननं पडदा पाडला.