दोन जावांचं फावडं

माझं कधी चुकत नाही, असं आमच्या घरात माझं नाव आहे. कौतुकानं नव्हे, वैतागानं. नवरा म्हणतो, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. पण सूत्रकृमींच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. झाडांच्या मुळांत घुसून बसणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे किडे. माझी सगळी नोकरी त्यांच्यातच गेली.

चिखलोलीला माझ्या आत्याची भाजीची वाडी आहे. बांधाला लागून तिच्या धाकट्या जावेची. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण फावडं मात्र दोघींत एकच राहिलं. सासऱ्याच्या हातचं, दांडा झिजून गुळगुळीत झालेलं. सकाळी हिच्याकडे, दुपारी तिच्याकडे. ते द्यायच्या निमित्तानं दोघी बांधावर उभ्या राहायच्या आणि तासभर हलायच्या नाहीत.

एका वर्षी आत्याची वांगी ऐन बहरात माना टाकायला लागली. मी एक झाड उपटलं. मुळांना आल्याच्या कांड्यांसारख्या गाठीच गाठी, सूत्रकृमींचीच खूण. जावेच्या वाडीत अशा गाठी आधीपासून होत्या, ते मला ठाऊक होतं. झालं! मी जागच्या जागी निकाल देऊन टाकला, "तुझ्या जावेकडून आलेत हे. फावड्याला चिकटलेल्या मातीतून."

मला म्हणायचं होतं, फावडं धुऊन वापरा. आत्यानं ते फावडं उचललं, बांधापलीकडे फेकलं आणि ओरडली, "तुजी घान तुज्याकडंच ठेव!" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मधल्या काळात जावेची आई गेली, तरी आत्या बांध ओलांडून गेली नाही. मी समजूत घालायला गेले की मलाच ऐकवायची, "तूच बोललीस ना? मंग?"

दोन वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेत या किड्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे त्यांची सगळी आनुवंशिक लिपी, वाचायचं काम निघालं. या जातीतली मादी नराशिवायच अंडी घालते, त्यामुळे लेकी आयांसारख्याच निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या एकसारख्या. पण जीनोम अक्षर न् अक्षर वाचला की कुठे कुठे बदललेली अक्षरं सापडतात आणि कोण कुठल्या घराण्यातलं ते कळतं. अंबरनाथ-बदलापूरकडच्या वाड्यांत अशी किती घराणी नांदतात, ते मला बघायचं होतं. आत्याच्या आणि जावेच्या, दोन्ही वाड्यांतली मुळं मी आणली. त्याआधी हात बसावा म्हणून एक नमुना घरचाच घेतला होता. कात्रपच्या आमच्या गॅलरीतली तुळस. तिच्याही मुळांना गाठी धरल्या होत्या.

निकाल आला. जावेच्या वाडीतले किडे वेगळ्याच घराण्यातले होते. आत्याचे जुळत होते माझ्या गॅलरीतल्या तुळशीशी.

हॅ! म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. मी नव्यानं मुळं आणली, सगळं पुन्हा केलं, कुणाला हात लावू दिला नाही. उत्तर तेच. मग मात्र मला आठवलं. वांगी गेली त्याच्या आदल्या कार्तिकात, तुळशीच्या लग्नासाठी, उल्हासनगरच्या एका नर्सरीतून मी दोन तुळशी आणल्या होत्या. एक घरी ठेवली, एक आत्याला दिली. लग्न लागल्यावर आत्यानं ती कौतुकानं वांग्यांच्या वाफ्याच्या तोंडाशी लावली, पाटाचं पाणी जिथून आत शिरतं तिथेच. आणि मी, सूत्रकृमींची एवढी मोठी तज्ज्ञ, तिच्या मुळांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. पण रविवारी सकाळीच मी चिखलोली गाठली. आत्या भेंडी तोडत होती. एका दमात सांगून टाकलं, "किडे मी आणले, आत्या. तुळशीच्या मातीतून. तुझ्या जावेचा काही संबंध नव्हता."

शिव्या खायची तयारी करूनच गेले होते. आत्या बांधावर टेकली. हातातली भेंडी खाली ठेवत म्हणाली, "वांग्यांचं जाऊ दे गो. तिची आय गेली तवा मी गेली नाय. त्याचं काय करशील?"

मला लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

आत्या उठली. बांधाशी जाऊन तिनं जावेला हाक मारली. जाऊ पदराला हात पुसत आली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि घरात निघून गेली. परत आली ती फावडं घेऊन. मातीचा कण नव्हता त्याला. पातं नुसतं चमकत होतं.

"रोज धुते," ती आत्याला म्हणाली. "घान हाय बोललीस ना."