नसीमच्या घरी राहिलेली पाटी

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलचेऱ्यात दहावीच्या वर्गाला इंग्रजी शब्दार्थ सांगत होते. फोन ठेवला, उरलेले पाच शब्द लिहून दिले आणि मग पर्स उचलली. मी अशीच आहे. भद्रावतीला पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं… कावीळ झाली म्हणे, दोन आठवड्यांत संपली. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी तिच्याबद्दल चांगलं लिहा म्हणून सांगितलंय. चांगली ती होतीच. वाईट माझ्याकडे आहे, तेच लिहिते.

शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. इंग्रजीच्या सरांनी पुठ्ठ्याची एक पाटी केली होती, सुतळी ओवलेली, वर काळ्या रंगात मोठा ‘ढ’. ज्याचा शब्दार्थ चुकला त्याच्या गळ्यात ती. मग त्यानं दुसऱ्या कुणालाही प्रश्न विचारायचा. तो चुकला की पाटी त्याची. शनिवारी शाळा सुटताना जिच्या गळ्यात असेल तिनं ती तशीच घालून घरी जायचं आणि सोमवारी पाटीच्या मागे बापाची सही आणायची. आम्हाला याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या गळ्यात असली की.

शुक्रवारी शेवटच्या तासाला चुकले म्हणून एका शनिवारी सकाळी ती पाटी माझ्या गळ्यात होती. माझे बाबा ठेकेदाराकडे मजूर. पोरगी इंग्रजी शिकून राह्यली म्हणून गल्लीभर सांगत फिरायचे. त्यांच्यापुढे ‘ढ’ धरायची माझी छाती नव्हती. नसीम ईदच्या शिलाईपायी दोन दिवस शाळेत आली नव्हती. प्रार्थनेआधी वही उघडून म्हणाली, “सिमिली आन् मेटाफर म्हणजे काय वं? मले सांग न.” मी शांतपणे उलटं सांगितलं. एक गोष्ट दुसरीसारखी म्हटली की मेटाफर, आणि ती दुसरीच आहे म्हटलं की सिमिली. तिनं सुबक अक्षरात लिहून घेतलं, खाली पट्टीनं रेघ मारली. पहिल्याच तासाला मी तिलाच विचारलं. वर्ग हसला, मीही हसले, आणि पाटी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातली. घरी जाताना ती म्हणाली, “मीच उलटं लिवलं असंन, घाई होती न.”

मी म्हटलं, “असंन.”

तिचे अब्बू शिंपी. मारलं नाही, ओरडले नाहीत. जमून नाई राह्यलं तं मशीनवर बस, एवढंच म्हणाले. सोमवारी नसीम आली नाही, पाटीही आली नाही. सरांनी बुटाच्या खोक्याची नवी केली. मी मात्र शिकले, इंग्रजीचीच बाई झाले. पुढे माझे सगळे ब्लाऊज तिनंच शिवले, आणि मी तिच्याकडे गेले की शेजारणींना अभिमानानं सांगायची, माझी मैत्रीण बाई आहे. तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोलले.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पुन्हा गेले. तिची आयेशा यंदा दहावीत. मशीनच्या खणात अम्मीची वही सापडली म्हणून त्यातूनच पाठ करत होती. मला म्हणून दाखवलं, मी सांगितलं होतं अगदी तसंच… मग थांबली. “पुस्तकात वेगळं हाये. अम्मीचं चुकलं का, मावशी?”

खोलीत आम्ही दोघीच होतो. खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती.

“हो,” मी म्हटलं. “तिनं घाईत उलटं लिहून घेतलं होतं. मी शेजारीच होते.”

तिनं पट्टी लावून आईची ओळ एका रेघेत खोडली. मशीनशेजारच्या खिळ्याला ती पाटी अजून आहे. नसीम तिच्यावर दोरे गुंडाळून ठेवायची, दोऱ्यांमधून ‘ढ’ दिसतो. आयेशा, तू ही पुरवणी वाचतेस, मला माहीत आहे. ती पाटी माझी आहे. दोरे सोडवून ठेव, मी घ्यायला येते.