दोनदा काढलेली पोस्ट

“माझी पोस्ट का काढायलाव? म्हैस मेल्यावर ठेवताव का?”

सकाळी सव्वानऊला आमच्या फोरमवर एवढीच ओळ आली. खाली एका म्हशीच्या तोंडाचा फोटो. लिहिणारीचं नाव सुनंदा, गाव राणीसावरगाव. मी मानवतला घरी चहा पीत बसले होते. खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. आम्ही फुकट राबतो आणि वर हे ऐकून घ्यायचं. मग फोटो मोठा करून पाहिला. म्हशीचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि मान ताणलेली होती. जनावर दुखणं सोसत असलं की असं दिसतं. मी चहा बाजूला ठेवला.

मी पशुवैद्यक. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काम केलं आणि रिटायर झाल्यावर जिल्ह्यातल्या पशुपालकांसाठी हा फोरम सुरू केला. फोरम म्हणजे मोबाइलवरची चावडी. कुणी प्रश्न टाकायचा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं. चावडीवर जशी भलतीसलती माणसं येऊन बसतात, तशा इथे भलत्या पोस्ट येतात. त्या काढून टाकणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. आम्ही तिघं मॉडरेटर होतो. मी, निवृत्त मुख्याध्यापक गलांडे सर आणि पेंड-सरकीचे दुकानदार नामदेवराव. नियम काय, तर ‘नको ती पोस्ट काढावी’. नको ती म्हणजे कोणती, हे ठरवायचं मात्र राहून गेलं होतं. नामदेवराव दुसऱ्या दुकानांच्या जाहिराती तेवढ्या दिसताक्षणी काढायचे.

सुनंदाच्या नावापुढे तिचा नंबर होता. मी फोन लावला.

ती रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता. पहाटे म्हैस व्याली, पारडू ठीक आहे, पण तासाभराने म्हशीचं अंग बाहेर आलं. अंग बाहेर येणं म्हणजे व्याल्यावर गर्भाशय उलटून बाहेर लोंबणं. गावचे डॉक्टर रजेवर होते आणि कुणी म्हणालं, फोरमवर विचार, लगेच सांगतात. माहेरून आणलेली पारडी तिने वाढवली, तीच ही म्हैस, पहिल्यांदाच व्यालेली. घरात तिच्या स्वतःच्या नावाचं म्हणावं असं एवढंच होतं.

“दोन्ही बार काढली मॅडम. आमचं काय चुकलं ते तर सांगा.”

“ते नंतर. म्हैस उभी आहे की बसली?”

“बसलीय. कण्हायलीय.”

मी सांगत गेले आणि ती एकेक करत गेली. स्वच्छ धुतलेलं लुगडं ओलं करून अंगाखाली घालायचं, मातीला लागू द्यायचं नाही. गार पाण्याने हलक्या हाताने धुवायचं. घरातली साखर त्यावर पसरायची. हे ऐकून लोकांना मी वेडी वाटते, पण साखर सूज ओढून घेते. सूज उतरली की अंग परत आत बसवता येतं. म्हैस मागच्या बाजूने उंचावर राहील अशी बसवायची. कुत्री आणि कावळे जवळ येऊ द्यायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतः आत ढकलायचं नाही. ते फाटलं तर संपलं.

“सासूबाईंना लुगडं धरून बसवलं. साखर किती टाकू?”

“डबा रिकामा कर.”

तोवर दुसऱ्या फोनवरून मी गंगाखेडला लावला. तिथले डॉ. कदम पूर्वी माझ्या हाताखाली होते. ते एका गोठ्यावर लसीकरण करत होते. मी म्हटलं, लसी दुपारी टोचल्या तरी चालतील. त्यांनी कारणं सांगितली नाहीत. ते निघाले. मानवतहून मी निघाले असते तर पोचेपर्यंत दुपार झाली असती, म्हणून फोनवरच बसून राहिले. माणूस रिटायर झाला तरी असल्या वेळी हात शिवशिवतात.

पाऊण तासाने कदम पोचले. शेपटीच्या मुळाशी मणक्यात इंजेक्शन देऊन त्यांनी म्हशीची कळ थांबवली आणि अंग बसवून टाके घातले. साडेअकराला त्यांचा फोन आला. म्हैस उभी राहिली, वैरणीला तोंड लावलं. साखरेने निम्मं काम केलं होतं, असंही म्हणाले. मला फार बरं वाटलं. थंड झालेला चहा मी तसाच पिऊन टाकला.

आता मी मोकळी झाले होते, म्हणजे भांडायला मोकळी झाले होते.

कुणी कोणती पोस्ट काढली, याची यादी मॉडरेटरना दिसते. मी ती उघडली. सुनंदाची पहिली पोस्ट सात वाजून दहा मिनिटांनी आली होती, म्हशीच्या मागच्या बाजूच्या फोटोसकट. पुढे नाव गलांडे सरांचं. पुढचं वाचायला मी थांबलेच नाही, सरांना फोन लावला आणि बोलायला सुरुवात केली. मागच्या महिन्यात एका रक्ताळलेल्या बैलाचा फोटो त्यांनी दोन दिवस ठेवला होता, कारण बैल त्यांच्या विद्यार्थ्याचा होता. मग हिच्याच म्हशीचं काय वावडं?

सर शांतपणे ऐकत होते. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस.

“मॅडम, फोरमवर लेकीबाळी असतात. तसला फोटो बघवेना मला, म्हणून काढला. चूक झाली, मान्य. आता दुसरी पोस्ट कुणी काढली ते वाचा.”

मी वाचलं. आठ वाजता सुनंदाने पुन्हा लिहिलं होतं. या वेळी तिने फोटो टाकला नव्हता. फोटोमुळेच काढली असेल, हे तिने बरोबर ओळखलं होतं. पुढे नाव माझं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझा एक खाजगी नियम होता. फोटोशिवाय आजार विचारलेला असेल तर पोस्ट काढायची, कारण न बघता औषध सांगणं मला पटत नाही. रोज सकाळी अशा पाच-सहा पोस्ट मी काढत असे, पहिली ओळ वाचून. त्यातलीच ही एक. माझे जुने सहकारी फोटोशिवाय लिहीत, ते मात्र मला चालायचं. म्हणजे फोटो होता म्हणून सरांनी काढली आणि फोटो नव्हता म्हणून मी. मधल्या मध्ये ती म्हैस मेली असती.

सरांची माफी मागितली. ते म्हणाले, आपण दोघंही छडीला पात्र आहोत. मग सुनंदाला फोन करून सांगितलं की दुसरी पोस्ट मीच काढली. हे सांगताना मला लाज वाटली.

तिच्यामागे म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

“काढली तर काढली,” ती म्हणाली, “पण काढताना का सांगितलं न्हाई? दोन शब्द लिहिले असते तर मी लगेच दुसरं काही केलं असतं. मी आपली तासभर फोनकडं बघत बसले, कुणीतरी सांगल म्हणून.”

एकतीस वर्षांत मी एकाही जनावराचा मृत्यूचा दाखला कारण लिहिल्याशिवाय दिला नाही. इथे मात्र रोज सहा-सहा माणसांचे प्रश्न बिनकारणाचे पुसून टाकत होते.

त्या आठवड्यात नियम ठरला. पोस्ट काढायची असेल तर कारण लिहून ते विचारणाऱ्याला पाठवायचं. जनावर अत्यवस्थ असेल तर फोटो असो-नसो, आधी फोन करायचा. जखमेचा फोटो चालेल, वर तशी सूचना टाकून. नामदेवरावांनी थोडी कुरकुर केली, कारण ‘दुसऱ्या दुकानाची जाहिरात’ हे कारण लिहायला त्यांना जड जायचं. त्यांचं काढणं आपोआप कमी झालं. आणि सुनंदाला आम्ही चौथी मॉडरेटर केलं. ती आधी नाही म्हणाली. मला इंग्रजी येत न्हाई, म्हणाली. सर म्हणाले, म्हशीलाही येत नाही.

तिने महिनाभर एकही पोस्ट काढली नाही. मग एक काढली. ती माझी होती. अंग बाहेर येण्यावर मी मोठा लेख टाकला होता. कारणं, लक्षणं, प्रतिबंध आणि शेवटी उपचार. मी चांगली दोन दिवस खपले होते त्यावर. खाली तिने कारण लिहिलं होतं, “लय लांब हाय. ज्याची म्हैस पडलीय त्यानं शेवटापर्यंत कधी वाचायचं? आधी साखर लिहा.”

मी लेख बदलला. आता पहिल्या ओळीत साखर आहे.