शून्य सावलीच्या दिवशी पडलेली सावली

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. पिंपळावरची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा... स्टाफरूममध्ये मी ते नाटकी आवाजात वाचून दाखवायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. मी मेहकरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमचं एक छोटं आकाशदर्शन मंडळही आहे. दुर्बीण घेऊन गावोगाव जायचं, पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवायचे आणि जमलंच तर भूत-भानामती कशी खोटी असते तेही सांगायचं, असं आमचं काम. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण आता पोटात ठेवणं होत नाही.

मंडळ मुळात शकीलचं. शकील माझा आठवीपासूनचा वर्गमित्र. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि काच घासण्याचा असा नाद की दुर्बिणीचा आरसा त्यानं घरी बसून स्वतः घासला. त्या दुर्बिणीतून पहिल्यांदा शनीची कडी दिसली तेव्हा तो ओरडला वगैरे नाही. फक्त हळूच म्हणाला, "दिसली बे." तो आवाज माझ्या कानात आहे, म्हणून सांगून ठेवतो. खेड्यातली पोरं त्याला चष्मेवाले चाचा म्हणायची. अंधश्रद्धेच्या बाबतीत तो माझ्याहून कडक होता. मी निदान मांजर आडवं गेलं तर एक क्षण थांबतो, तो मुद्दाम मांजराच्या मागे जायचा.

आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैतला ढगात जातो, म्हणून आम्ही मे महिन्यातला धरतो. त्या वर्षी कार्यक्रम मेहकर–लोणार रस्त्याच्या आत असलेल्या एका खेड्यात, शाळेच्या आंगणात होता. गावाचं नाव देत नाही. सुट्टी असूनही पोरं जमली होती, काही बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या होत्या. पाइपाचे तुकडे, पालथे गिलास, पाण्याच्या बाटल्या, सगळं सिमेंटवर मांडून ठेवलेलं. झेंड्याच्या खांबापासून उत्तरेकडे एक पक्की रेघ काढायची होती, म्हणजे पोरांना रोज सावलीवरून खरी दुपार कळेल. त्यासाठी मी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन उकिडवा बसलो होतो. ऊन असं की सिमेंटला हात लागत नव्हता.

बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला पोरं ओरडायला लागली, "गेली! गेली!" जो तो आपल्याच पायाकडे बघत होता. तेवढ्यात मागून शकीलचा आवाज आला, अगदी शांत.

"विलास. माझी काऊन नाही गेली?"

मी वळून पाहिलं. खांबाला सावली नव्हती, डब्याला नव्हती, मलाही नव्हती. शकीलच्या पायापासून मात्र एक लांब काळी सावली ईशान्येला पसरली होती, त्याच्या उंचीच्या तिप्पट. संध्याकाळकडे झुकलेल्या उन्हात पडते तशी. तो दोन्ही हात खाली सोडून उभा होता. सावलीचा उजवा हात मात्र कोपरात वाकून डोक्याला टेकलेला होता.

त्यानं डावा हात वर करून पाहिला. सावलीनं केला नाही.

मी घाबरलो. साफ सांगतो. शकील म्हणाला, "बसून काय राह्यला? रंग आण, काठ मार. आधी नोंद, मंग भांडण." आमच्या मंडळाचा नियमच होता तो. मी ब्रश घेऊन डोक्यापासून सुरुवात केली. खांदा, तो वाकलेला हात, मग अंगाच्या दोन रेघा. त्याच्या पायाजवळ पोचलो आणि मान वर केली तोवर सावली गेली होती. कशी गेली ते मला दिसलं नाही.

एका पोरानं येऊन विचारलं, "चाचा, हे काय काढलं?" शकील म्हणाला, "भूत." पोरं हसली. बाकी कुणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं.

मग व्हरांड्यात बसून त्यानं मोबाइलवरचं आकाशाचं अ‍ॅप काढलं. सावलीची लांबी आणि दिशा कळली की सूर्य कुठे होता ते कळतं, त्यावरून वेळ आणि महिनाही निघतो. हे आम्हीच पोरांना शिकवतो. उत्तर आलं, डिसेंबरचा शेवट, दुपारी सव्वाचार. त्या दिवसांत सूर्य फारसा सरकत नाही, म्हणून नेमकी तारीख निघेना. आठ-दहा दिवसांतला कुठलाही दिवस.

"मले त्या वेळेले इथं उभं राहाचं आहे," शकील म्हणाला. "जुळली तर जुळली. नाही तं लिहून टाकू, दोघाईले ऊन लागलं होतं."

"हे काई चांगलं दिसून नाही राह्यलं मले. पुसून टाकू."

"डेटा पुसते का बे कोणी? अन् तू फिजिक्स शिकवतं?"

मी पेंटच्या डब्याला झाकण लावलं. पण ती त्याची शेवटची सावली आहे, हे मला तिथेच वाटलं होतं. का वाटलं ते विचारू नका.

पावसाळा गेला, पेंट काही गेला नाही. दिवाळीच्या आसपास शकीलला दुकानात एकदा दरदरून घाम फुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दगदग करू नका म्हणून सांगितलं. तेव्हा मात्र मी त्याला सगळं तोंडावर बोलून दाखवलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग मी त्याच्या बायकोकडे, भाभीकडे गेलो. सावलीचं तिला सांगायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणालो, की डिसेंबरच्या शेवटी त्याला त्या शाळेकडे जाऊ देऊ नका, तब्येत बरी नाही.

भाभी म्हणाली, "माझं ते ऐकते का, विलासभाऊ? पण संग्रामपूरले माझ्या भावाच्या पोरीचं लगीन आहे. तिकडंच ठेवतो त्याईले, नवं साल लागेपर्यंत."

संग्रामपूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मला हायसं वाटलं. तरी निघायच्या आदल्या दिवशी मी शकीलकडून कबूल करून घेतलं, की रोज सव्वाचारला मी फोन करीन आणि तू तो उचलायचा. तो जिथे असेल तिथे निवांत बसलाय, एवढं ऐकलं की मला बास होतं.

तो उचलायचाही. "जित्ता आहो बे. भजे खाऊन राह्यलो." असं रोज काहीतरी. मग मी चहा घ्यायचो आणि स्वतःला शिव्या द्यायचो, एवढा शिकलेला माणूस आणि हे काय चाललंय म्हणून.

लग्न आटोपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये जर्नल तपासत बसलो होतो. सव्वाचारला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग त्यानं उचलला. मागे वारा होता.

"कुठं आहेस?"

"चिडू नको. शाळेत आहो. सकाळीच एस्टी धरली. हिले सांगतलं, दुकानाचं अर्जंट काम निघालं."

"शकील, बाजूले हो. आताच्या आता तिथून बाजूले हो."

"ऐकून तं घे. डोकं जुळलं, खांदा जुळला, पायाच्या रेघा बिलकुल फिट. पण हात नाही जुळत. मी सरळ उभा होतो नं, हात खाली सोडून. म्हटलं चला, गेला आपला अंदाज, आता निघतो अन् तुले—"

तो थांबला. मी विचारलं, काय झालं.

"विलास," तो हळूच म्हणाला, "जुळला बे."

शनीची कडी दिसली तेव्हाचाच आवाज. मग फोन सिमेंटवर पडला. लाइन चालूच होती. लांबून एक पोर "चाचा, चाचा" करत पळत येताना ऐकू आलं.

दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला होता. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, दिवाळीतच इशारा मिळाला होता. मला ते मान्य आहे, त्यात अमानवीय काही नाही. पुढच्या रविवारी मी टर्पेंटाइन आणि चिंध्या घेऊन त्या शाळेत गेलो आणि ती आकृती घासून काढली. रडत रडत घासली. दुपारची रेघ तेवढी ठेवली, पोरांना लागते. मे महिन्यातला कार्यक्रम आम्ही अजून करतो. त्या वेळेला मी व्हरांड्यात उभा राहतो.

भाभीनं एकदा विचारलं, "शेवटी तुमच्यासंगच बोलले नं ते? घाबरले होते का?"

मी म्हणालो, नाही, खूश होता. ते खरंच आहे.

ती सावली कुठून आली, मला माहीत नाही. उन्हाचा भ्रम म्हणावा तर पेंट मी माझ्या हातानं घासून काढलाय. तुमच्यापैकी कुणी खुलासा करणार असेल तर करा, मी वाचीन. पण मला रात्री जाग येते ती दुसऱ्याच गोष्टीनं. रोज सव्वाचारचा फोन मी ठरवला होता, त्याला वाचवायला. आणि मे महिन्यात, मी तसं काही ठरवायच्या कितीतरी आधी, त्या सावलीनं उजवा हात कानाला लावलेला होता.