हँडलवाला जियालाल

जियालाल रहांगडालेला सारं गाव हँडलवाला म्हणायचं आणि त्याला त्याचा राग कधीच आला नाही. उलट कोणी पाहुणा विचारायला लागला, की हे हँडलवाला काय प्रकरण आहे, तर धानाच्या बांधावर बैल उभे करून तो तासभर सांगत सुटे. पाच एकर धानाची शेती, दोन बैल, घरी बायको दुलारी. खाऊनपिऊन सुखी असा पोवार शेतकरी. पण त्याचा जीव अडकला होता गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या, फोर्ड मोटारीत.

मोटार सन तीसची. काळी, कापडी टपाची. लढाईच्या काळात तिचा स्टार्टर बिघडला आणि सुटा भाग नागपुरातही मिळेना. तेव्हापासून समोर हँडल घालून, ते गरकन फिरवूनच ती चालू व्हायची. हे एकट्याचं काम नव्हे. एकानं आत बसून स्टेअरिंगखालची डावी कांडी वर सारायची आणि मगच दुसऱ्यानं हँडल मारायचं. कांडी खाली राहिली की इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. तशी मोडलेली मनगटं गावाबाहेरच्या ट्रकच्या सडकेवर दोन-चार तरी होती. सोळा वर्षांत जियालालचं मनगट शाबूत राहिलं, कारण आत कांडीवर चैतराम लंजे असायचा.

चैतराम मालगुजाराचा डायवर. तरुणपणी लायसन काढायला तो भंडाऱ्याला गेला, तेव्हा कारकुनानं त्याला जन्मतारीख विचारली. आईनं त्याला एवढंच सांगितलं होतं, की तू झालास तेव्हा धान निसवून लोंब्या आल्या होत्या. कारकुनानं क्षणभर विचार केला आणि दहा ऑक्टोबर लिहून टाकलं. झालं! ज्या गावात कोणालाच वाढदिवस नव्हता, तिथे चैतराम तारीखवाला माणूस झाला. दर दहा ऑक्टोबरला सकाळी जियालाल मोटार धुवायचा, रबरी भोंगा तीनदा वाजवायचा आणि ओरडायचा, "जियो डायवरसाहेब, शंभर वरसं!" मग चैतरामची बायको देवकाबाई हसत हसत दोघांनाही ओवाळायची.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला मोटारीला झेंडा लावून दोघं सात गावं फिरले. पुढे मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला राहायला गेले आणि जाताना मोटार चैतरामच्या हवाली करून गेले. मग ती गावाचीच झाली. नवरदेवाला तीच मोटार, अडलेल्या बाळंतिणीलाही तीच. जमुनाबाईची जुळी पोरं दवाखान्याच्या वाटेवर मागच्या सीटवरच जन्मली. "आमच्या मोटारीत झाली," असं जियालाल इतक्या थाटात सांगायचा, की जमुनाबाईचा नवरा बिचारा बाजूलाच राहायचा. मोटारीतल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा असा हक्क होता, फक्त स्टेअरिंग सोडून. ते चैतराम कोणाला देत नसे आणि जियालालनं कधी मागितलं नाही.

अठ्ठावन्न साली, श्रावणात चैतरामला मोतीझरा, म्हणजे टायफॉइड झाला. एकवीस दिवस तापानं फणफणत होता. ताप उतरला, पण अंगात बळ राहिलं नाही. डोक्यावरचे केस गेले, गाल आत गेले. घरी येऊन तपासून गेलेल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "आता दर शुक्रवारी इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात आणा. आजार उलटला तर माझ्याही हातात काही राहणार नाही." दवाखाना सडक अर्जुनीला, आठ मैलांवर. मोटार तीन महिने मालगुजाराच्या वाड्यातल्या कोठ्यात उभी. जायचं ते बैलगाडीनं, आणि इथेच घोडं अडलं.

"मी बैलगाडीत झोपून सडकेवर जाऊ?" चैतराम खाटेवरून म्हणाला. "सारे टरकवाले ओळखतेत मले. नाही जात. मेलो तरी चालन."

आता या ताठ्याला काय म्हणावं? माणसाला धड उठून पाणी पिता येत नाही आणि याला ट्रकवाल्यांची लाज! देवकाबाई रडली, भांडली, एकदा तर तिनं जेवणाचं ताट आपटलं. चैतराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन शुक्रवार असेच गेले. तिसऱ्या आठवड्यात ती जियालालच्या बांधावर धावतच आली.

"भाऊजी, तुमच्या दोस्ताचं आंग संध्याकाळी पुन्हा तापून राहिलं."

जियालालच्या हातातला विळा तिथेच राहिला. तो चैतरामला समजवायला गेला नाही. त्याला त्या ताठ्याचा राग येत होता आणि मनातून अभिमानही वाटत होता; त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग उरला एकच मार्ग. त्यानं मोटारीची बॅटरी बैलगाडीत घालून सडकेवरच्या गॅरेजातून चार्ज करून आणली. ट्रकवाल्यांकडून पेट्रोलचा डबा आणला. सीटमधलं उंदराचं घर काढलं, प्लग घासले. आणि दहा ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी, फोर्डला आपले दोन बैल जुंपून ती ओढत चैतरामच्या अंगणात आणली. मागे अर्धं गाव होतं. त्यानं भोंगा तीनदा वाजवला.

"जियो डायवरसाहेब, शंभर वरसं!"

चैतराम चौकटीला धरून दारात आला. त्यानं आधी बैल पाहिले.

"अबे, मोटारीले बैल काऊन जुंपले?"

"इथवरच," जियालाल बैल सोडत म्हणाला. "सडकेवर मोटार आपल्या चाकानं जाइन. बस आत. डाक्टर वाट पाहून राहिला."

चैतरामच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. धरत धरत तो स्टेअरिंगमागे जाऊन बसला. जियालाल हँडल घेऊन समोर उभा राहिला, नेहमीसारखा. चैतरामनं क्लचवर पाय ठेवला. पाय थरथरला, क्लच अर्धाही दबला नाही. त्यानं पुन्हा दाबून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. कपाळावरून घाम ओघळला. काचेतून जियालाल सगळं बघत होता.

"ने गड्या परत," चैतराम खाली बघत म्हणाला. "पाय नाही मानून राहिला."

हा आता खाटेवर गेला तर पुन्हा उठायचा नाही, हे जियालालला दिसत होतं. सोळा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते त्या भीतीपोटी निघालं.

"सरक तिकडं. मी चालवतो."

चैतरामनं मान वर केली. "तू?"

"मंग? सोळा वरसं तुज्या बाजूले बसून का झोपा काढल्या मी? तुजा पाय कवा दबते, कवा सुटते, सारं पाठ आहे मले."

चैतरामनं एकेक बोट सोडवल्यासारखे स्टेअरिंगवरून हात काढले आणि तो डाव्या सीटवर सरकला.

"अन् लायसन?" गर्दीतून गोवर्धन कोतवालानं विचारलं. नको तिथे कायदा आठवायची त्याला सवयच होती.

"लायसन मोटारीत बसून आहे," चैतरामनं सदऱ्याच्या खिशावर हात मारला. "तू गप राह्य."

लोक हसले. पण जियालाल स्टेअरिंगवर बसला, आता हँडल कोण मारणार? तो भोवती बघेपर्यंत देवकाबाईनं पदर खोचला आणि हँडल उचललं.

"वैनी, अंगठा बोटाच्याच बाजूनं ठेवजा! मूठ आवळू नोको!"

"ठाऊक आहे मले. इतकी वरसं अंगनातून पाहूनच राहिली न मी!"

धान कांडून कमावलेला हात तो. दोन झटके फुकट गेले, तिसऱ्याला फोर्ड खोकली, हादरली आणि धडधडायला लागली. डावी कांडी चैतरामनं बाजूच्या सीटवरून आधीच वर सारलेली होती, कोणी न सांगता. अंगणात एकच गलका उठला. देवकाबाई मागच्या सीटवर चढून बसली, महाराणीच्या ऐटीत.

पुढचे आठ मैल जियालाल जन्मात विसरणार नव्हता. गिअर करकरले. नाल्याच्या चढावर मोटार बंद पडली आणि देवकाबाईला पुन्हा उतरावं लागलं. "क्लच! आंधळ्या, क्लच!" चैतराम ओरडत होता, आणि तो खणखणीत आवाज ऐकून जियालालला शिव्या गोड लागत होत्या. सडकेवर पहिला ट्रक समोरून आला, तेव्हा चैतरामनं दार घट्ट धरलं. ट्रक बाजूनं निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी चैतरामनं दार सोडलं, कोपर बाहेर काढून दारावर टेकवलं आणि ट्रकवाल्याला हात केला.

डॉक्टरनं तपासलं, खडसावलं, इंजेक्शन दिलं. ताप वेळेवर सापडला, म्हणाला. "पण आता एकही शुक्रवार चुकवायचा नाही. अजून चार इंजेक्शनं आहेत. येणार की पुन्हा हट्ट करणार?"

चैतराम सदऱ्याची बाही खाली ओढत होता. देवकाबाईनं पदर तोंडाशी धरला. जियालाल दारात उभा होता.

"मी तर येतो, डाक्टरसाहेब," चैतराम म्हणाला. "पन माज्या डायवरले इचारा. त्याले सवड पायजे."

डॉक्टरनं दाराकडे पाहिलं. आजवर एवढा मोठा मान जियालालला कोणी दिला नव्हता, आणि आज ज्यानं दिला, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून तो त्याला नकोच होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"शुक्रवारी सकारी आठले आनतो," तो म्हणाला, आणि मोटार दारापर्यंत आणायला निघून गेला.