मधल्या फळीतले भाऊजी

मार्थाताईचा फोन आला तेव्हा मी विरारजवळ नंदाखालला घरामागच्या वाडीत केळीची सुकलेली पानं काढत होते. ताई दोन घरं सोडून राहते, हाक मारली तरी ऐकू येते. म्हणून फोनवर तिचं नाव बघूनच मी हातातली पानं तिथेच टाकली. "राल्फ उठत नाहीये गं," एवढंच ती म्हणाली, आणि मी तशीच तिच्याकडे धावले. त्याला आता सहा आठवडे झाले. राल्फभाऊजी एकाहत्तराव्या वर्षी झोपेतच गेले.

ताई नर्स म्हणून जर्मनीला गेली तेव्हा मी शाळेत होते. तिथल्या एका लहानशा गावात, तिच्या दवाखान्यात एका रविवारी भुवई फुटलेला फुटबॉल खेळाडू आला. डॉक्टर टाके घालत होते, ताई त्याचं डोकं धरून उभी होती, आणि तो सारखा विचारत होता, सामना संपला का, काय झालं? शेवटी ताईने फोन करून निकाल विचारला आणि त्याला सांगितला. हरले होते. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न ठरलं. पप्पांनी पत्रातून चौकशी केली, मुलगा मोठा खेळाडू आहे का? भाऊजींनी ताईकडून मराठीत उत्तर लिहून घेतलं: "नाही. मी दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, संध्याकाळी सराव करतो आणि रविवारी चौथ्या श्रेणीत खेळतो." पप्पांना त्यातलं लिफ्टचं काम तेवढं आवडलं.

चौथी श्रेणी म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या संघांच्या तीन पायऱ्या खाली. त्यातही भाऊजी मधल्या फळीतले. समोरच्याची चाल मोडायची, चेंडू काढून घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. गोल दुसरा करणार, खांद्यावर लोक त्यालाच घेणार. पंधरा वर्षं त्यांनी हेच केलं. मध्येच एकदा दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने त्यांना बोलावलं. अर्धा हंगाम बाकावर बसवलं, एका सामन्यात शेवटची अकरा मिनिटं खेळवलं आणि परत पाठवलं. "वाईट नाही वाटलं?" मी एकदा विचारलं. "वाटलं ना. महिनाभर," ते म्हणाले. "मग जुन्या मैदानावर गेलो. सगळे म्हणाले, आलास? चल, मध्ये उभा राहा."

ताईच्या पहिल्या बाळंतपणाला मी तिकडे गेले होते. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, ताई मला सामना बघायला घेऊन गेली. माझ्या डोळ्यांसमोर मोठं स्टेडियम होतं. प्रत्यक्षात एका बाजूला लाकडी बाकं, दोन-तीनशे माणसं आणि मैदानात घोट्यापर्यंत चिखल. हरले असते तर संघ पाचव्या श्रेणीत जाणार होता. मी नव्वद मिनिटं भाऊजींकडेच बघत होते, तरी ते नेमकं काय करतायत ते मला कळेना. शेजारचे एक आजोबा ताईशी काहीतरी बोलले. ताईने सांगितलं, "ते म्हणतायत, हा नसता तर आतापर्यंत चार गोल खाल्ले असते." सामना शून्य-शून्य सुटला. भाऊजी चिखलाने माखून आमच्याकडे आले. "जिंकलात?" मी विचारलं. "नाही," ते हसले, "राहिलो."

निवृत्त झाल्यावर दोघं नंदाखालला येऊन राहिली. भाऊजी मराठी शिकले तेही आमच्या घरातल्या बोलीत, त्यामुळे विरारला नवीन आलेल्या लोकांना त्यांचं बोलणं अजिबात कळायचं नाही. पहिल्याच वर्षी नाताळानंतरच्या गावच्या स्पर्धेत त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. निवेदकाने हौसेने सांगून टाकलं, "जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे माजी खेळाडू!" टाळ्या पडल्या. भाऊजींनी माइक हातात घेतला. "मी राष्ट्रीय संघात नव्हतो. मी चौथ्या श्रेणीत खेळलो. पंधरा वर्षं. चांगला खेळलो." मागून कुणीतरी हसलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं; घरी आल्यावर मी ताईला म्हटलंसुद्धा, काय बिघडलं असतं गप्प राहिले असते तर? ताई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "त्याचं स्वतःचं एवढं असताना तो दुसऱ्याचं का घेईल?"

हे वाक्य मला तेव्हा नीटसं पटलं नव्हतं. ते पटलं अंत्यविधीनंतर. चर्चमध्ये मिस्सा झाली, दफन झालं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या जुन्या क्लबने ताईला एक व्हिडिओ पाठवला. तेच मैदान, तीच बाकं. सामन्याआधी सगळे उभे राहिले होते. निवेदकाने भाऊजींचं नाव घेतलं, आणि पंधरा वर्षांत त्यांनी एकूण नऊ गोल केले तेही सांगून टाकलं. लोक हसले... आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. पांढऱ्या केसांचे काही जण बाकावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी मी तो व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला. "आमचे भाऊजी," मी सांगत होते, "चौथ्या श्रेणीतले."

परवा ताईकडे गेले होते. मागच्या खोलीत टेबलाच्या पायाला एक रुंद रबरी पट्टा बांधलेला आहे. रोज सकाळी चहाच्या आधी भाऊजी खुर्चीत बसून त्यात पाऊल अडकवायचे आणि गुडघ्याचा व्यायाम करायचे, एका पायाने वीस वेळा, मग दुसऱ्याने. केर काढताना तो मध्ये येत होता, म्हणून मी म्हटलं, "सोडून ठेवू का गं?"

"राहू दे," ताई म्हणाली. ती खुर्चीत बसली, साडी जरा वर घेतली आणि पट्ट्यात पाऊल अडकवलं. "माझा गुडघा अजून बाराव्या खेपेलाच दुखायला लागतो."