कागदावरचा दुसरा बैल

भुतंखेतं, चकवा, करणी... या सगळ्याची मी जन्मभर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी मुंबईत चित्रकला शिकत होतो. सुट्टीत मामांकडे काष्टीला आलो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी चारकोल घेऊन गुरांच्या छावणीत जाऊन बसलो. माझी पद्धत अशी — नजर जनावरावर, हात कागदावर. चित्र संपेपर्यंत खाली बघायचं नाही.

समोर हिराबाई नावाच्या बाईंचा बैल, हौश्या, उभा होता. बरगड्या मोजाव्यात असा. हात थांबला तेव्हा मी कागदाकडे पाहिलं... आणि चरकलो. कागदावर बैल आडवा पडलेला. डावं शिंग मोडलेलं. गळ्यातला कासरा बाभळीला बांधलेला, मागे दगडी बंधारा. समोर यातलं काहीच नव्हतं!

हिराबाई डोकावल्या. "ह्यो हौश्या न्हाई. ह्यो त्याचा जोडीदार, सोन्या."

"तो कुठाय?"

"मालकांनी परवा बाजारात इकला. चांगल्या घरी दिला म्हनले." मग त्यांचं बोट बंधाऱ्यावर थांबलं. "पन ह्यो तर आमच्या वड्याचा बंधारा हाय..."

त्या तशाच निघाल्या. मीही मागोमाग. दोन मैल, रणरणत्या उन्हात.

सोन्या तिथेच होता. तीच बाभळ, तोच कासरा. धुगधुगी होती. हिराबाईंनी माझ्या बाटलीतलं पाणी ओंजळीने पाजलं; ते जबड्यातून तसंच बाहेर आलं. त्यांच्या मांडीवरच त्याने मान टाकली.

आम्हाला छावणीतून निघताना पाहून त्यांचे मालक कोंडिबा मागून धावत आले.

"छावनीपतुर चालवंना त्याला," ते हिराबाईंना म्हणाले. "मोकळा सोडला तर सरपटत मागं यायचा गं... म्हनून बांदला." मग माझ्याकडे वळले. "पाव्हनं, तुमी कुटनं बगितलं मला?"

"मी कालच एस.टी.नं आलो हो! ही जागा मी आज पहिल्यांदा पाहतोय."

दोघांनाही ते पटलं नाही. पटणार तरी कसं?

त्या दिवशी माझ्या हाताने काय पाहिलं, हे मला आजही सांगता येत नाही. हिराबाई मात्र कासरा सोडता सोडता मला एवढंच म्हणाल्या —

"बगितलं हुतं, तर तवाच सोडवायचा हुता ना, दादा."